हृदय सोडा पीत नाही

तुम्ही कितीही जाडजूड फाइल घेऊन गेलात तरी कर्नल तिच्यातला वरचा कागद दोन बोटांनी उचलायचे, न वाचता टेबलावर पालथा घालायचे आणि त्याच्यावर पेन्सिल आडवी ठेवायचे. मग म्हणायचे, "बैसा. कागद नंतर. आधी तुम्ही."

ती पेन्सिल म्हणजे किल्ल्याच्या दरवाजाचा अडसर होती. एकदा ती आडवी पडली की कागद सरळ करायची कुणाची छाती नव्हती. एक पुढारी आले होते, सोबत एवढे लोक की जिना दोन इंच खचला. ते म्हणाले, "वाचा तरी डॉक्टर, तीन प्रोफेसरांच्या सह्या आहेत!" कर्नल म्हणाले, "सह्यांस छातीत दुखते की तुम्हांस?" पुढारी शर्टाची बटणं काढायला लागले.

कर्नल म्हणजे अगदी खरोखरचे कर्नल. डॉक्टर झाले ते सैन्यात, हृदयाचं शिकले तेही सैन्यात, आणि त्यातही यांचं खास काम हृदयाची चित्रं बघण्याचं. चाकू नाही, टाके नाहीत. इको, सीटी, एमआरआय, जिथे जिथे म्हणून हृदय पडद्यावर दिसतं तिथे हे डोळे लावून बसणार. "कापणारे निराळे," ते म्हणायचे, "अम्ही बघे." निवृत्त झाल्यावर चेन्नईत नुंगंबाक्कमला, साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या दुकानाच्या वर त्यांनी एक खोली घेतली. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची, एक इकोचं मशीन आणि एक स्टूल. मशीनला मी रणगाडा म्हणत असे. ते सुरू झालं की खालच्या शिलाई मशीनवरच्या बाईचा धागा तुटायचा. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण तुटत असणारच.

मूळचे तंजावूरच्या मराठी कुळातले. कैक पिढ्यांपूर्वी त्यांच्या वाडवडिलांनी जी मराठी बरोबर नेली ती यांनी जपून वापरली, वर तमिळचा हेल चढवला आणि सैन्यातल्या हुकमांची फोडणी दिली. त्यामुळे त्यांच्या खोलीत पडल्यापडल्या ऐकू यायचं ते असं: "उगे राहा. डाव्या कुशीस वळा. श्वास घ्या. धरा. धरा. धरा..." आणि तुमचे डोळे पांढरे व्हायला आले की एकदम, "विश्राम!"

एका हुकमावर इतके लोक एवढ्या आनंदाने श्वास सोडताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाहीत.

आणि ती जेली. इकोच्या आधी छातीवर जी गार, बुळबुळीत जेली लावतात ती यांच्याकडे गरम असायची. कॉफी ओतायच्या स्टीलच्या वाडग्यात, म्हणजे इथल्या डबऱ्यात, गरम पाणी, त्यात जेलीची बाटली उभी. चेन्नईत! मे महिन्यात! जिथे नळाचं पाणी अंडं उकडायला पुरतं, तिथे हा माणूस जेली गरम करत बसलाय. मी विचारलं तर म्हणाले, "वर, सरहद्दीच्या बर्फात, ही गोठून दगड होई. जवानाच्या छातीवर दगड कसा लावावा? लंगरातून, फौजेच्या स्वयंपाकघरातून, चहाचे पाणी आणवत होतो. मग हातास सवय लागली."

आता माझ्याकडे या. मी सांगलीचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी या गावी आलो, मोटारीचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीस म्हणून. येणारा प्रत्येक भाग बघायचा, मोजायचा, कार्डावर 'ठीक' लिहायचं आणि सही ठोकायची. राहायला वेलचेरीला. पूर येतो तेव्हा आमच्या इमारतीच्या खालून होडीने कामाला गेलेला माणूस आहे मी. (होडी नव्हती, ट्रकच्या टायरची ट्यूब होती. पण वल्हं खरं होतं.)

दरवर्षी कारखाना आमची तब्येत तपासून घेतो. त्या वर्षी इको करणाऱ्याने मशीनकडे बघत "हं" म्हटलं. मग परत "हं" म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने काहीच म्हटलं नाही, तेव्हा मी घाबरलो. कागदावर आलं: हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात गाठ.

गाठ! मी मोठ्या रुग्णालयात गेलो. त्यांनी कागद वाचला, इको केला, म्हणाले गाठ आहे. तिसऱ्या ठिकाणी गेलो. त्यांनी दोन्ही कागद वाचले, इको केला, म्हणाले आहे बुवा. छाती उघडून काढावी लागेल, उशीर नको, कारण तुकडा सुटून मेंदूत गेला तर संपलंच. गुरुवार ठरला.

तुम्ही म्हणाल, मग तुमचं कसं झालं असेल? सांगतो. मी जेवायला लागलो. जे जे पुन्हा मिळणार नाही ते ते मी त्या आठ दिवसांत खाऊन घेतलं. बायको रडत पुरणपोळ्या लाटायची आणि मी रडत खायचो. जेवलं की छातीवर कुणीतरी शिळा ठेवावी तसं व्हायचं, आडवं झालं की घशाशी आंबट यायचं. मी म्हणायचो, "वृंदा, गाठ हलली बघ." ती डोळ्याला पदर लावायची आणि दुसऱ्या डोळ्याने तव्यावर लक्ष ठेवायची. मुलीला पुण्यात अजून कळवलं नव्हतं. ते बुधवारी कळवायचं असं आम्ही ठरवलं होतं आणि त्या बुधवारची मला गुरुवारपेक्षा जास्त भीती होती.

मंगळवारी सकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का डांगर पचडीची, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची, वाटी घेऊन आल्या. अक्का म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण, तंजावूरच्याच, आणि आवाज असा की त्यांनी हजेरी घेतली तर शेजारच्या इमारतीतली माणसं 'हजर' म्हणतील. त्यांनी वृंदाचा चेहरा पाहिला, टेबलावरची फाइल पाहिली, आणि सगळी हकीकत काढून घेतली. मग म्हणाल्या, "माझा भाऊ पाहील. त्यास लोकांच्या छातीत पाहावयाचा रोग आहे."

"अक्का, तिघांनी पाहिलंय हो," मी म्हणालो.

"चौथा पाहील. तुझे काय झिजते?"

तासाभरात आम्ही नुंगंबाक्कमला. उंच, वाळलेला, इस्त्रीच्या घडीसारखा ताठ माणूस दारात उभा. मी फाइल पुढे केली. माझ्या मरणाचा कागद त्यांनी दोन बोटांनी उचलला, पालथा घातला, वर पेन्सिल.

वृंदा म्हणाली, "डॉक्टर, त्यात लिहिलंय की..."

"बाई, उगे. मज सांगू नका."

"अहो पण गुरुवारी ऑपरेशन आहे!"

"आज मंगळवार," कर्नल म्हणाले आणि बाटली डबऱ्यातून उचलली.

मी खाटेवर डाव्या कुशीला. गरम जेली. छातीवर तो प्रोब, मशीनचा वायरवाला ठोकळा, फिरायला लागला, आणि सांगतो, मी आयुष्यात इतका शांत बसलेला माणूस पाहिला नाही. पाच मिनिटं. दहा मिनिटं. "धरा. धरा. विश्राम." पुन्हा दुसऱ्या कोनातून. वीस मिनिटं झाली. मला तर वाटलं यांचा डोळा लागला. मी मान वळवून पाहिलं तर ते पडद्याला नाक लावून बसलेले, जसा मी कारखान्यात तडा शोधताना बसतो. तसा म्हणजे, बसायला हवं तसा.

मग त्यांनी विचारलं, "काल काय जेवलात?"

मी यादी सुरू केली. पाचव्या पदार्थाला त्यांनी हात वर केला. "जेवल्यावर आडवे होता तेव्हा घशाशी आंबट येते की नाही?"

"येतं की! पण तुम्हाला कसं..."

"कोणी पुसले होते?"

मी आठवून पाहिलं. तीन ठिकाणी तीन डॉक्टर. कुणीच नव्हतं विचारलं. कशाला विचारतील? उत्तर आधीच हातात होतं.

कर्नलनी दार उघडून खाली हाक मारली. जिन्याखालच्या दुकानातून एक गोटी सोडा आला. हिरवट जाड काचेची बाटली, गळ्यात काचेची गोटी. त्यांनी अंगठ्याने गोटी आत दाबली, फस्स झालं आणि बाटली माझ्या हातात आली.

"प्या."

"आत्ता? आडवा पडून?"

"हुकूम आहे."

मी थोडा उठून, थोडा सांडत, अर्धा सोडा कॉलरमध्ये आणि अर्धा पोटात असा प्यायलो. वृंदाला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. ती पर्स उचलून उभीच राहिली. कर्नलनी प्रोब पुन्हा छातीवर टेकवला आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"ते पाहा. धडधडते ते हृदय. आणि त्याच्या मागे तो गोळा, तीच तुमची गाठ. आता पाहत राहा."

पाहतोय. करडा गोळा. माझा काळ. आणि एकाएकी त्या गोळ्यात ठिणग्या उडाल्या! एक, दोन, मग शंभर, मग लाख. पांढरे शुभ्र बुडबुडे गोल गोल फिरायला लागले, फुलबाज्या पेटवाव्यात तशा. आणि हृदयाच्या कप्प्यात? एकसुद्धा नाही. तिथे काळंभोर, स्वच्छ.

कर्नलनी खुर्ची मागे घेतली. त्यांच्या त्या इस्त्रीच्या चेहऱ्यावर पहिली सुरकुती पडली.

"इन्स्पेक्टर," ते म्हणाले, "हृदय सोडा पीत नाही."

मी हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"सोडा पोट पिते. हे तुमचे पोट आहे. खाली राहावयाचे, ते छाती-पोटामधल्या पडद्याच्या भोकातून वर छातीत शिरले आहे आणि हृदयाच्या पाठीस टेकून बैसले आहे. बाहेरून दाबते, म्हणून आत गाठ दिसते. गाठ नाही."

"नाही म्हणजे..." वृंदाने पर्स खाली ठेवली. "नाहीच?"

"उद्या सीटी करू, खात्रीसाठी. पण मी सांगतो, नाही."

वृंदा आधी रडली. पोटभर रडली. फॉल-पिकोवाली बाई वर येऊन पाहून गेली. मग तिने डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि आठ दिवसांचं सगळं एका वाक्यात वसूल केलं: "वीस वर्षं सांगतेय, पोट वर आलंय तुमचं, पोट वर आलंय! ऐकलंत कधी?"

मी उठून कर्नलना कडक सॅल्यूट ठोकायला गेलो आणि जेलीवरून हात घसरून खाटेखाली गेलो. तिथेच थोडा वेळ बसून राहिलो. खाटेखालून खोली फार छान दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सीटीने तेच सांगितलं. बुधवारी पुण्याला फोन केला तो एवढंच सांगायला की तुझ्या बापाला आजपासून रात्रीचं जेवण लवकर आणि निम्मं. पोरगी म्हणाली, "आई, ही काय बातमी आहे?" वृंदा म्हणाली, "आहे. ठेव फोन."

मला त्या तीन डॉक्टरांचा भयंकर राग आला होता. मी वर्तमानपत्रात लिहिणार होतो, कोर्टात जाणार होतो, रस्त्यावर झोपणार होतो. कर्नलनी मला बसवलं. "वाईट डॉक्टर नाहीत. पहिल्याने पाहिले, तो त्यास फसला. कोणीही फसेल. पण दुसऱ्याने आधी वाचले. तिसऱ्याने दोघांचे वाचले. डोळा मोठा आज्ञाधारक असतो, इन्स्पेक्टर. कागद सांगेल ते दाखवतो."

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

त्यांनी पालथ्या कागदावरची पेन्सिल सरळ केली. ती सरळच होती. मग म्हणाले, "एका जवानाने." वर, बर्फातल्या ठाण्यावर एक जवान आला होता, चढताना छाती भरते म्हणत. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, कामचुकार आहे, नाटक करतो. कर्नलनी कागद वाचला. दोन मिनिटं इको केला. काही दिसलं नाही. परत वर पाठवला. चौथ्या दिवशी तो चढावर कोसळला.

"हृदयाची एक भिंत जाड होती. बोट ठेवावे इतकी स्पष्ट. मज दिसली नाही, कारण मज सांगितले होते की काही नाही."

मी विचारायला घाबरत होतो. "मग?"

"वाचला. हेलिकॉप्टर वेळेस आले, म्हणून. माझ्यामुळे नव्हे. दर वर्षी अक्रोड पाठवतो. मी खातो. प्रत्येक अक्रोड खातो." एवढं बोलून ते डबऱ्यातलं पाणी बदलायला उठले.

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो आणि माझ्या टेबलावरची सगळी कार्डं पालथी केली. आधीच्या पाळीने 'ठीक' लिहिलंय की नाही हे भाग बघून झाल्याशिवाय वाचायचं नाही. नवे इंजिनीअर हसले. पहिल्याच आठवड्यात, जुना साठा पुन्हा बघताना, ब्रेकच्या एका भागात केसाएवढा तडा सापडला. तीन पाळ्यांतून 'ठीक' होत आला होता, आणि तिसरी सही माझीच होती. त्यानंतर हसले नाहीत. मीही नाही, आणि मला गप्प बसवणं सोपं नाही हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

तेव्हापासून दर वर्षी त्याच महिन्यात मी दोन गोटी सोडे घेऊन त्यांच्याकडे जायचो. एक मशीनसाठी, म्हणजे माझ्यासाठी, आणि एक कर्नलसाठी. ते पडदा पाहायचे आणि म्हणायचे, "सेरी." त्यांचं 'सेरी' म्हणजे 'ठीक आहे'. मी आयुष्यात हजारो वेळा 'ठीक' लिहिलंय, पण असं वजनदार 'ठीक' नाही कधी जमलं. मग अंगठ्याने आपली गोटी दाबून ते एका दमात बाटली रिकामी करायचे आणि ढेकर आली तर इकडेतिकडे पाहून सैन्याला न शोभणाऱ्या आवाजात देऊन टाकायचे.

एकदा माझ्या आधी सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीतला नाशिकचा एक तरुण बसला होता. मनगटावरच्या घड्याळाने त्याला सांगितलं होतं की तुझं हृदय चुकतंय. सहा महिन्यांचे आलेख फोनमध्ये. कर्नलनी फोन पालथा घातला, घड्याळ काढून तेही पालथं घातलं, पेन्सिल एकच असल्यामुळे दोन्हींवर मिळून ठेवली. अर्धा तास पाहिलं. "सेरी. हृदय उत्तम. घर कोठे? आईशी बोलता की नाही? किती दिवसांस?" पोरगा गडबडला. इंग्रजीत काहीतरी म्हणाला. "मराठीत बोला. तिजशी, मजशी नव्हे." तो जिन्यातच फोन लावून बसला. मला त्याला ओलांडून वर जावं लागलं.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला एक डॉक्टरीणबाई आल्या. तमिळ, शांत, चष्मेवाल्या. कर्नलनी एक नवा नियम काढला: दोघांनीही प्रत्येक पेशंट वेगवेगळा पाहायचा, वेगवेगळं लिहायचं, दोघांचे कागद पालथे, आणि संध्याकाळी एकदम उलटायचे. आम्हाला वाटलं बाईंची परीक्षा चाललीय. बाईंनाही तेच वाटलं. महिने गेले, कागद जुळत राहिले.

मग एका संध्याकाळी एक कागद जुळला नाही. एका आजोबांच्या झडपेला राईएवढं काहीतरी होतं. बाईंनी लिहिलं होतं. कर्नलनी नव्हतं लिहिलं. दोघांनी पुन्हा पाहिलं. होतं.

बाई घाबरून म्हणाल्या, "सर, फार बारीक आहे, कुणालाही..."

"तुज दिसले," कर्नल म्हणाले. "मज नाही. सेरी." आणि पेन्सिल उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. परीक्षा कुणाची चालली होती ते बाईंना तेव्हा कळलं. आजोबांचे उपचार दुसऱ्याच दिवशी सुरू झाले, आता ते ठणठणीत आहेत, आणि कर्नल त्या दिवसानंतर मशीनसमोरच्या खुर्चीत बसले नाहीत.

मी भांडायला गेलो. म्हणालो, एका राईसाठी कुणी असं करतं का? ते अक्कांच्या फ्लॅटमध्ये ट्रंक भरत होते. दोघं भावंडं तंजावूरला परत निघाली होती. म्हटलं तर चेहरा पडलेला असायला हवा. पण नाही. पाठीवरचं ओझं उतरवलेल्या जवानासारखे दिसत होते.

"इन्स्पेक्टर, मी रोज भीत होतो, की चुकेन आणि मज कळणार नाही. आता कळले. वेळेस कळले. कोणी कोसळले नाही." ट्रंकेचं झाकण त्यांनी लावलं. "विश्राम."

अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "विश्राम कसला? भांडी कोण बांधील?" कर्नल भांडी बांधायला गेले.

माझा तो पहिला कागद त्यांनी मला परत दिला होता. पालथ्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीने हृदय काढलंय आणि त्याच्या पाठीला टेकून बसलेलं माझं पोट. पोटाला त्यांनी मिशा काढल्यात. आमच्या हॉलमध्ये तो चौकटीत लावलेला आहे, छापील बाजू भिंतीकडे.

या वर्षी सवयीने दोन सोडे घेऊन मी जिना चढलो. रणगाडा तोच. डबऱ्यात बाटली उभी, पाण्यावर वाफ. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद पालथा घातला, वर पेन्सिल. मी कुशीवर वळलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मला तो मंगळवार आठवला. मग त्यांनी प्रोब उचलला.

"सेरी," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि पोट?"

"तिथेच बसलंय, सर."

मी उठलो, टॉवेलने छाती पुसली, माझा सोडा प्यायलो. बाई सोडा घेत नाहीत. दुसरी बाटली मी तशीच स्टुलावर, डबऱ्याशेजारी ठेवली. फॉल-पिकोचं मशीन खाली चालत होतं. बाटलीच्या गळ्यात गोटी गच्च बसलेली, खालून सगळा दाब धरून. तिला अजून कुणी विश्राम म्हटलेलं नव्हतं.